खाऱ्या पाण्याचा फिशटँक : सामानाचं बजेट कसं बसवावं?

सागरवेडा :

नमस्कार मंडळी,

गोड्या पाण्याचा टँक सहा वर्षं सांभाळतोय, आता खाऱ्या पाण्याकडे वळायचं नक्की केलंय. त्यासाठी एक रक्कम बाजूला काढली आहे आणि ती ओलांडायची नाही असं घरी कबूल केलंय. गेले तीन आठवडे सामानाची यादी करतोय, खोडतोय, पुन्हा करतोय. दर वेळी बेरीज रकमेच्या वर जाते. म्हणून हा धागा.

टाकी १०० × ४५ × ४५ सेंमी, म्हणजे काठोकाठ धरली तर साधारण २०० लिटर. सुरुवातीला दोन क्लाउनफिश, नंतर एक-दोन लहान मासे. सहाएक महिन्यांनी जमलं तर सोपी सॉफ्ट कोरलं (मऊ प्रवाळ).

सध्याच्या यादीत निम्म्याहून जास्त रक्कम टाकी, कॅबिनेट आणि दिवा या तिघांवरच जाते. दिवा चांगल्यातला घ्यावा, म्हणजे पुढे बदलायला नको, असा विचार. उरलेल्यात संप (टाकीखालची गाळणीची दुसरी टाकी), तिथून पाणी वर आणणारा रिटर्न पंप, टाकीत प्रवाह करणारा एक वेव्हमेकर, फेसातून घाण काढणारा स्किमर, ३०० वॉटचा हीटर, दगड, वाळू आणि समुद्री मीठ. आरओडीआय (पाणी पूर्ण शुद्ध करणारं यंत्र) काढून टाकलंय, घरात प्यायच्या पाण्याचा आरओ आहेच. टेस्ट किटही गोड्या पाण्याचीच वापरीन म्हणतो.

कुठे हात आखडता घेऊ आणि कुठे घेऊ नको? यादीतून काही सुटलंय का? जुनं सामान घ्यावं का? जरा सविस्तर सांगा.

---

शिंपला :

सागरवेडा, मनापासून स्वागत. खरेदीच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत.

तुमची यादी आधी काच, मग दिवा, मग उरलेल्यात बाकी सगळं, अशी झाली आहे. ती उलटी लावून बघा. टाकीत कोण राहणार ते आधी लिहा. त्याला कसं पाणी लागतं ते त्याखाली. आणि ते पाणी रोज तसंच ठेवायला काय काय लागेल ते शेवटी. मग काच आणि लाकूड आपोआप जागेवर येतात.

कुणाला यादी करून द्यायची तर मी रकमेचे वीस वाटे करतो. तुमच्यासाठी ते असे पडतील. टाकी, कॅबिनेट आणि संप मिळून पाच वाटे. पाणी तयार करायला, म्हणजे आरओडीआय, मीठ, क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आणि मीठ कालवायची दोन पिंपं, तीन वाटे. प्रवाहाला तीन. तापमानाला दोन. दगड-वाळूला दोन. दिव्याला दोन. टेस्ट किटला एक. राहिले दोन, ते खर्च करायचेच नाहीत. पाणी भरल्यावर पहिल्या तीन महिन्यांत काहीतरी निघतंच : एखादा जोड गळतो, पंप आवाज करायला लागतो, मीठ अंदाजापेक्षा लवकर संपतं. ज्यांनी हे दोन वाटे ठेवले नाहीत त्यांना ऐन वेळी मीठ पुरवून पुरवून वापरताना मी पाहिलंय, आणि त्याची झळ माशांना बसते.

आता पाण्याबद्दल, कारण तुमच्या यादीत कात्री नेमकी तिथेच लागली आहे.

टाकीतून रोज पाणी उडतं. तुमच्या मापाच्या उघड्या टाकीतून दिवसाला तीनेक लिटर सहज जाईल. उडतं ते फक्त पाणी, मीठ आतच राहतं. तीन दिवस भर घातली नाही तर ९ लिटर कमी होतं आणि ३५ ची क्षारता (हजार भागांत मिठाचे किती भाग) ३६.६ च्या पुढे जाते. म्हणून रोज गोडं पाणी भरावं लागतं. ते दिवसाला ३ लिटर म्हणजे वर्षाला सुमारे १,१०० लिटर. या पाण्याचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले मिलिग्रॅम) २५० असेल तर वर्षभरात पाव किलोहून जास्त विरघळलेला ऐवज टाकीत जातो आणि तो उडून जात नाही. त्यात फॉस्फेट असेल, सिलिकेट असेल, पाइपातून आलेलं तांबं असेल. पहिल्या महिन्यात काही दिसत नाही, सहाव्या महिन्यात काचेवर आणि दगडांवर तपकिरी-हिरवं साचायला लागतं. मग माणूस शेवाळाची औषधं, वेगवेगळे फिल्टर, दुसरा स्किमर असा खर्च करत सुटतो.

घरातला आरओ इथे कामाचा नाही. प्यायच्या पाण्याच्या बऱ्याच यंत्रांत चवीसाठी थोडं मूळ पाणी किंवा क्षार परत मिसळतात, आणि उरलेसुरले क्षार काढणारा शेवटचा डीआय रेझिनचा टप्पा त्यात नसतोच. आपल्याला टीडीएस शून्य हवा. आरओडीआय घ्या, सोबत टीडीएस मीटर घ्या. वाया जाणारं पाणी लक्षात घ्या : एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर बाहेर पडतं. ते पिंपात धरून धुण्या-पुसण्याला वापरता येतं.

दुसरी गोष्ट रिफ्रॅक्टोमीटर. माझ्या पहिल्या टाकीला पाण्याची घनता दाखवणारा काट्याचा हायड्रोमीटर होता. दर रविवारी मी तो बुडवायचो आणि काटा १.०२३ वर यायचा. पाणी पातळ पडतंय असं समजून पुढच्या पाणी-बदलात मुठभर मीठ जास्त घालायचो. असं दोन महिने चाललं. कोरलं मिटून बसली, गोगलगायी काचेवरून खाली पडायला लागल्या. शेवटी एका मित्रानं त्याचा रिफ्रॅक्टोमीटर आणला. क्षारता निघाली ४०. काट्याच्या बिजागरीवर आणि पात्यावर मिठाचा इतका पातळ थर बसला होता की नखानं खरवडल्यावरच कळलं. त्या वजनानं काटा खाली राहत होता. ती टाकी सावरायला पाच आठवडे लागले आणि दोन गोगलगायी गेल्याच. तेव्हापासून मोजायच्या साधनावर मी काटकसर करत नाही. रिफ्रॅक्टोमीटरही नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्याला लावू नका. ३५ च्या क्षारतेचं प्रमाणित द्रावण मिळतं, त्यावर लावा. आपल्याला अचूक आकडा हवाय तो ३५ पाशी.

टेस्ट किटचं म्हणाल तर हातात आहे त्यावर खाऱ्या पाण्याला चालतं असं लिहिलंय का ते बघा. काही चालतात, काही साफ चुकीचा रंग दाखवतात. अमोनियाला इथे जास्त जपावं लागतं. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो आणि त्या पीएचला अमोनियाचं विषारी रूप कितीतरी पटीनं जास्त असतं. गोड्या पाण्यात मासा ज्या आकड्याला तग धरतो तोच आकडा इथे जीव घेतो.

स्किमर वाट्यांत नाही, हे मुद्दाम. पहिले काही आठवडे त्याला पकडायला काही नसतं. संपमध्ये त्याची जागा सोडा, मासे वाढले की घ्या.

---

ओहोटी :

शिंपला यांचं पाण्याबद्दलचं सगळं पटलं. पण मी आणखी पुढे जाऊन म्हणेन की दोन क्लाउन आणि सॉफ्ट कोरलांसाठी संपही नको.

माझी १२० लिटरची टाकी सात वर्षं चालू आहे. संप नाही, स्किमर नाही. दगड, दोन वेव्हमेकर, हीटर, दिवा, आणि दर आठवड्याला दहा टक्के पाणी-बदल. जकार्तामध्ये ली चिन एंग यांनी १९६१ च्या सुमारास जिवंत दगड (जीवाणू वसलेला समुद्रातला दगड), समुद्राचं पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळाची टाकी चालवून दाखवली होती. तेव्हा बाकीचे लोक खाऱ्या पाण्यातली कोरलं मरू नयेत म्हणून झगडत होते. गाळण्याचं मुख्य काम सच्छिद्र दगडातले जीवाणू करतात.

संप काढला की रिटर्न पंप जातो, नळजोड जातात, काचेला भोक पाडायचं जातं, आणि पाणी घरभर होण्याची भीतीही बरीच जाते. तेवढे पैसे चांगल्या दगडात आणि मिठात घाला.

---

शिंपला :

ओहोटीताई, तुमच्या टाकीचे फोटो वर्षानुवर्षं बघतोय, त्यामुळे वाद घालायला जागाच नाही. तुमची पद्धत चालते कारण तुमचा एकही आठवडा चुकत नाही. सागरवेडा यांनी स्वतःला प्रामाणिकपणे विचारावं : दर आठवड्याला २० लिटर पाणी बनवून, मीठ कालवून, तापमान जुळवून बदलणं वर्षानुवर्षं होईल का? होणार असेल तर संप टाळा. बाहेरगावी जाणं जास्त असेल तर संप आणि उडालेलं पाणी आपोआप भरणारा एटीओ पाहिजेच.

---

सागरवेडा :

महिन्यातून चार-पाच दिवस कामानिमित्त बाहेर असतो. त्या दिवसांत पाणी भरायला कुणी नाही. म्हणजे संप आणि एटीओ ठेवतो. एटीओ माझ्या यादीत नव्हताच!

---

निळाई :

संप घेणार असाल तर एक हिशेब बाजारात जायच्या आधी करा. तो न केल्यामुळे माझ्या बैठकीची खालची लाकडी पट्टी फुगली.

पंप बंद पडला की टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या (पाणी संपमध्ये सोडणाऱ्या वाटेच्या) काठापर्यंत खाली उतरतं, ते सगळं संपमध्ये येतं. तुमच्या टाकीचं तळमाप १०० × ४५. पाणी नुसतं ३ सेंमी उतरलं तरी १३.५ लिटर झालं. वर रिटर्न पाइपचं तोंड पाण्यात खोल असेल तर पंप थांबताच तो पाइप उलटा सायफन होतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत पाणी ओढत राहतो. माझं तोंड १२ सेंमी खोल होतं. रात्री वीज गेली आणि सकाळी पायाला ओलं लागलं तेव्हा कळलं.

म्हणून संप घेताना काठोकाठ माप बघू नका. चालू असताना त्यात किती पाणी राहील आणि बंद पडल्यावर किती येईल, दोन्हींची बेरीज त्यात मावली पाहिजे. रिटर्नचं तोंड पाण्याच्या पातळीखाली एक-दोन सेंमीच ठेवा. दुकानातून आणल्यावर पहिल्या दिवशी साधं पाणी भरून पंप पाच-सहा वेळा मुद्दाम बंद करून बघा.

आणि वजन. २०० लिटर समुद्राचं पाणी २०५ किलो. काच १० मिमीची असेल तर चाळीसेक किलो. दगड, वाळू, कॅबिनेट धरून तीनशेच्या वर जातं. संपचं पाणी वेगळं. ते सगळं एक चौरस मीटरच्या अर्ध्याहूनही कमी जागेवर. भिंतीला धरून, शक्यतो तुळईच्या जवळ ठेवा, आणि कॅबिनेटवर वाटा कमी करायचा झाला तर पॉलिश, बिजागऱ्या, दारं यांत करा. चौकटीत नको.

---

दीपमाळ :

मी पेशानं इलेक्ट्रिशियन, छंदानं मासेवाला. दोन्ही बाजूंनी बोलतो.

३०० वॉटचा एक हीटर घेऊ नका. १०० वॉटचे दोन घ्या आणि दोघांना बाहेरचा तापमान-नियंत्रक लावा. हीटर बिघडतो तेव्हा बऱ्याचदा त्याच्या आतला संपर्क चिकटतो आणि तो चालूच राहतो. २०० लिटर पाणी १ अंशानं तापवायला अंदाजे ८०० किलोज्यूल लागतात. ३०० वॉटचा हीटर अडकला तर साधारण पाऊण तासात १ अंश. संध्याकाळी अडकला आणि तुम्ही सकाळी बघितलं, तर टाकी उकडलेली. १०० वॉटचा एकटा अडकला तर त्याच १ अंशाला सव्वादोन तास लागतात, आणि तोवर टाकी बाजूच्या हवेला उष्णता देत राहते, म्हणून पाणी फार चढत नाही. उलट दोनांतला एक मेला तर दुसरा टाकी गार पडू देत नाही.

तुमची खोली गरम राहत असेल तर हीटरवरचे पैसे वाचतात पण गार करायचा प्रश्न येतो. चिलर ही या छंदातली सगळ्यात महागड्या वस्तूंपैकी एक. तो घेण्याआधी पंखा लावून बघा. १ लिटर पाणी वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल घेऊन जातं, म्हणजे २०० लिटरची टाकी ३ अंशांनी उतरेल इतकी उष्णता. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा देणारे दोन छोटे पंखे पुष्कळ काम करतात. हवा दमट असेल तर मात्र पाणी उडत नाही आणि पंख्याचा उपयोग थोडा. पंखा लावलात की एटीओ हवाच, कारण उडणारं पाणी दुप्पट होतं.

बजेटमध्ये विजेचं बिल कुणी लिहीत नाही. तुमच्या टाकीचा ढोबळ आकडा : रिटर्न पंप २५ वॉट चोवीस तास, ०.६ युनिट. ८-८ वॉटचे दोन वेव्हमेकर, ०.४. स्किमर १० वॉट, पाव युनिट. दिवा ८० वॉट आठ तास, ०.६. हीटर दोन्ही मिळून २०० वॉट, दिवसातून एकूण आठ तास चालले तर १.६. झाले साधारण साडेतीन युनिट रोज, महिन्याला शंभरच्या वर. यात पंप चोवीस तास चालणारा असल्यामुळे जुना ६० वॉटचा स्वस्त पंप आणि नवा २५ वॉटचा महाग पंप यांतला फरक दोन-तीन वर्षांत बिलातून बराचसा निघतो.

आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) लावल्याशिवाय खाऱ्या पाण्यात हात घालू नका. हा खर्च कोणत्याच वाट्यात धरू नका, तो घराचा खर्च समजून आधी करा. आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता झोळातून खाली टपकतं.

---

गोगलगाय :

वीज जाण्यावरून आठवलं. बॅटरीवर चालणारा एअर पंप घ्या, खूप स्वस्त असतो. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे ८.२ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात ६.७ च्या आसपास. गोड्या पाण्यात वीज गेली की आपण निवांत असतो, इथे तेवढी सवड नसते.

---

सागरवेडा :

एवढं सगळं वाचून यादी जवळजवळ नव्यानं केली. तेवढ्यात एक नवीन गोष्ट झाली. एक जण छंद सोडतोय आणि पूर्ण संच विकतोय : टाकी, संप, पंप, स्किमर, दिवा, दगड, सगळं. माझ्या रकमेच्या निम्म्यात. चार वर्षं वापरलेला आहे. घ्यावा का? बघायला जाताना काय बघू?

---

पाणकोळी :

जा आणि घाई न करता बघा. माझं जवळजवळ सगळं सामान दुसऱ्याच्या हातचं आहे.

पहिला प्रश्न टाकीबद्दल विचारू नका, औषधाबद्दल विचारा. "या टाकीत कधी तांब्याचं औषध घातलंत का?" खाऱ्या पाण्यातल्या माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा किंवा व्हेल्व्हेटचा रोग झाला की तांबं देतात. माशांसाठी ते औषध, पण कोळंबी, गोगलगाय, कोरल यांच्यासाठी अगदी थोडंही विष. दगड आणि वाळू चुन्याची असतात, ती तांबं धरून ठेवतात आणि पुढे सावकाश सोडत राहतात. उत्तर "हो" आलं किंवा समोरचा गडबडला तर दगड-वाळू फुकट दिली तरी घेऊ नका. मी एकदा अशा दगडांचा मोह धरला होता. चार कोळंब्या सोडल्या, दुसऱ्या दिवशी चारही आडव्या. परत चार आणल्या, परत तेच. तेव्हा कुठे तांब्याचं टेस्ट किट आणायचं सुचलं. देणाऱ्याला स्वतःलाही आठवत नव्हतं, त्याच्या आधीच्या मालकानं घातलं होतं.

मग काच. मोबाइलची बॅटरी आतल्या कोपऱ्यावर तिरकी धरा आणि सिलिकॉनच्या रेघेवरून बोट फिरवत जा. कडा काचेपासून सुटून वर उचलली आहे का, ब्लेडनं शेवाळ खरवडताना चीर गेली आहे का, मध्ये बुडबुडे आहेत का. आतली पातळ रेघ थोडी कुरतडलेली असेल तर चालतं. दोन काचांच्या मधल्या सांध्यात पांढुरकं किंवा हिरवं शिरलेलं दिसलं तर नाही. तिथूनच गळती होते. टाकी पाणी भरलेली असतानाच बघायला मिळाली तर उत्तम. रिकामी करून महिनाभर उन्हात ठेवलेली असेल तर घरी आणून बाहेर अंगणात किंवा गच्चीत तीन दिवस पूर्ण भरून ठेवा.

पंप चालू असताना कान लावा. मग बंद करून इम्पेलर (आतलं चुंबकाचं फिरतं चक्र) बाहेर काढायला सांगा. चुंबक फुगलेला, गंजाचे डाग पडलेला किंवा फुटलेला असेल तर तो पंप धरू नका. गंज पाण्यात जातो. नुसता चुन्याचा पांढरा थर असेल तर काळजी नाही, सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात रात्रभर ठेवला की निघतो. स्किमर जुना घ्यायला माझी हरकत नाही, प्लास्टिकच तर असतं, पंप तेवढा नीट बघा. हीटर जुना कधीच नाही. आरओचा मेम्ब्रेन आणि टेस्ट किटची रसायनंही नाहीत. किटवर मुदत लिहिलेली असते.

चार वर्षांच्या एलईडी दिव्याचा उजेड किती उरलाय हे डोळ्यांना कळत नाही. पार मीटर (कोरलांच्या उपयोगाचा उजेड मोजणारं यंत्र) कुणाकडून उसना मिळाला तर मोजा. तुमच्या सॉफ्ट कोरलांना ५० ते १५० पार पुरतो, त्यामुळे थोडा उतरलेला दिवाही तुम्हाला चालेल. नुसते मासे ठेवायचे तर साधा पांढरा दिवा पुरेसा असतो. दिव्यावर जीव टाकायचा तो कठीण कोरलांसाठी. फांद्यांच्या कोरलांना अडीचशे-तीनशे पार लागतो, आणि मग कॅल्शिअम, अल्कलिनिटी रोज घालायची यंत्रं. तो वेगळाच खर्च आहे.

---

सागरवेडा :

आज जाऊन आलो. अडीच तास होतो तिथे. गृहस्थ फार मनमोकळे होते. तांब्याचं विचारल्यावर त्यांनी लगेच सांगितलं, दोन वर्षांपूर्वी मुख्य टाकीतच औषध केलं होतं, कारण वेगळी टाकी नव्हती. म्हणून दगड आणि वाळू सोडून दिली. टाकीचे सांधे पाणकोळी म्हणाले तसे तपासले, मागच्या उजव्या कोपऱ्यात आतली रेघ बोटभर कुरतडलेली आहे, मधला सांधा स्वच्छ. टाकी, कॅबिनेट, संप, स्किमर आणि दिवा घेतला. रिटर्न पंपाच्या चुंबकावर गंज होता, तो नाही घेतला. दगड नसल्यानं त्यांनी किंमत आणखी कमी केली.

वीस वाट्यांपैकी सहा गेले आणि त्यात दिवा-स्किमरसुद्धा आले. आता आरओडीआय, रिफ्रॅक्टोमीटर, ३५ चं द्रावण, दोन वेव्हमेकर, नवा रिटर्न पंप, दोन हीटर आणि नियंत्रक, एटीओ, आरसीसीबी, बॅटरीचा एअर पंप हे सगळं नवं. ड्राय रॉक (कोरडा, जीवाणू नसलेला दगड) १५ किलो.

दोन शंका. काच-सिलिकॉनमध्ये तांबं राहतं का? आणि रिटर्न पंपावर लिहिलेला प्रवाह किती धरू?

---

पाणकोळी :

काच काही धरत नाही, सिलिकॉनबद्दल लोक काळजी करतात. सौम्य व्हिनेगरच्या पाण्यानं धुवा, दोन-तीनदा भरून ओता, मग खारं पाणी भरल्यावर तांब्याचं किट लावा. शून्य आलं की पुढे. संप आणि स्किमरही तसेच धुवा.

---

निळाई :

डब्यावरचा आकडा पंपाला पाणी वर चढवायचं नसताना असतो. संपपासून टाकीच्या काठापर्यंत सव्वा-दीड मीटर चढ, त्यात कोपरे, जोड. पंपाच्या डब्यावर चढ आणि प्रवाहाचा आलेख असतो, त्यात तुमची उंची बघा. बऱ्याच पंपांचा तिथे निम्मा आकडा उरतो. संपमधून तासाला टाकीच्या चार-पाच पट पाणी फिरलं तरी भागतं, म्हणजे ८०० ते १,००० लिटर. आतला खळखळाट वेव्हमेकरनं करायचा. सॉफ्ट कोरलांना एकूण दहा ते वीस पट.

---

शिंपला :

मिठाचा हिशेब कुणी दिला नाही म्हणून लिहितो. लिटरला ३७ ग्रॅम धरा. पहिल्या भरणीला सात-साडेसात किलो. दर आठवड्याला २० लिटर बदललंत तर पाऊण किलो, म्हणजे वर्षाला ३८-३९ किलो. मोठी बादली घेतली तर किलोमागे स्वस्त पडतं, पण झाकण नीट बसत असेल तरच. दमट हवा लागली की मिठाचा दगड होतो. हा खर्च सामानाच्या रकमेत नसून महिन्याच्या खर्चात धरा, विजेच्या शेजारी.

आणि वाचलेल्या वाट्यातून एक चाळीसेक लिटरची साधी टाकी, स्पंज फिल्टर आणि छोटा हीटर घ्या. ज्यांच्याकडून तुम्ही टाकी घेतलीत त्यांच्या दगडांचं नुकसान ती नसल्यामुळे झालं. नवा मासा आधी चार आठवडे तिथे. मुख्य टाकीत पांढरे ठिपके शिरले तर टाकी अडीच महिने माशांविना ठेवावी लागते.

---

ओहोटी :

मासे घेताना टाकीत पैदास झालेले क्लाउन मागा. ते गोळ्या-दाणे लगेच खातात आणि समुद्रातून कुणी काढलेले नसतात. कोरलंही कुणाच्या टाकीत वाढवलेले तुकडे घ्या, आणि घेण्याआधी तुम्ही राहता तिथला कायदा बघा. कठीण कोरलं साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहेत, जिवंत दगडालाही नियम लागू होतात.

---

सागरवेडा :

(चार महिन्यांनी)

धागा वर काढतोय, कारण तुम्हा सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं.

तांब्याचं किट शून्य. ड्राय रॉकवर सायकल (अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे जीवाणू वसणं) पूर्ण व्हायला ४१ दिवस लागले. अमोनिया तिसऱ्या आठवड्यात उतरला, नायट्राइट मात्र खाली यायचं नाव घेईना. रोज संध्याकाळी परीक्षानळी खिडकीपाशी धरून जांभळा रंग फिका झालाय का ते बघायचो. एके दिवशी नळीत नुसतं आकाशी पाणी दिसलं, तेव्हा दोनदा परत टेस्ट केली.

पंप सहा वेळा बंद करून पाहिला. संपमध्ये ११ लिटर येतं आणि काठाला ४ सेंमी शिल्लक राहतात. एटीओच्या पिंपावर रोज रेघ मारत गेलो. सरासरी दिवसाला २.८ लिटर उडतं, शिंपला यांचा अंदाज जवळजवळ बरोबर आला. राखून ठेवलेल्या दोन वाट्यांपैकी दीड वाटा गेला. एका जोडाला पाझर होता, एटीओचा सेन्सर पहिल्याच महिन्यात बंद पडला आणि मीठ एक बादली जास्त लागलं. घरी कबूल केलेली रक्कम ओलांडली नाही.

क्लाउन चार आठवडे छोट्या टाकीत राहिले, गेल्या रविवारी मोठ्या टाकीत आले. एक प्रश्न आहे. दगडात एवढ्या कपारी केल्या आहेत, पण रात्री दोघंही वरच्या डाव्या कोपऱ्यात, वेव्हमेकरच्या अगदी शेजारी, कुशीवर कलल्यासारखे तरंगत राहतात. पहिल्या रात्री मला वाटलं काही झालं. दिवा लावला की लगेच सरळ होऊन खायला येतात. हे ठीक आहे का?

---

शिंपला :

अगदी ठीक आहे, क्लाउन असेच झोपतात. अ‍ॅनिमोन (क्लाउन ज्यात राहतात तो समुद्री जीव) नसेल तर एखादा कोपरा धरतात आणि मग तो सोडत नाहीत. वेव्हमेकरच्या जाळीच्या फटी बोटानं तपासा. धाकटा अजून लहान असेल, त्याचं शेपूट आत जाईल इतकी रुंद फट असेल तर स्पंजचं पातळ आवरण घाला आणि दर दोन दिवसांनी धुवा. रात्री वेग कमी करता येत असेल तर करा, पण पूर्ण बंद नको.

---

सागरवेडा :

फट ४ मिमी आहे. आवरण आजच घालतो.